छातीतले पाणी आणि निदानाची किंमत

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. २००१ साली स्कोडाचा मोटार कारखाना तेथे सुरू झाला. २०१९ च्या सप्टेंबरात ‘ऑरिक’ या नव्या औद्योगिक नगरीचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. मराठवाड्याच्या भवितव्याविषयीचे कोणतेही भाषण आता शेंद्रा-बिडकीन हे जोडनाव उच्चारल्याखेरीज पुरे होत नाही. किती एकर जमीन संपादन झाली, किती कोटींचे करार झाले, किती हातांना काम मिळणार, याचे आकडे सर्वांच्या तोंडी असतात. परंतु जे हात तेथे कामाला लागले, ते त्यापूर्वी कोठे राबत होते आणि त्या ठिकाणी त्यांच्या श्वासाबरोबर काय आत गेले, याची मोजदाद कोणत्याही दफ्तरात नाही. ती का हवी, हे एका दुर्मीळ गणल्या गेलेल्या रोगाच्या निमित्ताने पाहणे उद्बोधक ठरेल.

मेसोथेलिओमा हा तो रोग होय. फुफ्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाचा हा कर्करोग आहे. क्वचित तो पोटाच्या आतील आवरणासही होतो. ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू हे त्याचे प्रमुख कारण, हे आता निर्विवाद आहे. तंतू शरीरात गेल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत वीस, तीस, कधी चाळीस-पन्नास वर्षेही लोटतात. आज साठीत असलेल्या फिटरला होणाऱ्या या रोगाचे मूळ त्याने विशीत पाहिलेल्या कारखान्यात असू शकते. तो कारखाना मधल्या काळात बंद पडलेला असतो, मालक बदललेला असतो, त्या जागी एखादे गृहसंकुल उभे असते. शेंद्र्यात ॲस्बेस्टॉसची गिरणी आहे, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. परंतु बॉयलरच्या नळ्यांवरील जुने लॅगिंग खरवडणारा, गास्केट आणि पॅकिंग कापणारा, गॅरेजमध्ये ब्रेक लायनर घासणारा, सिमेंटचे पत्रे करवतीने कापून शेड उभारणारा कामगार एकाच वसाहतीत जन्मभर राहत नाही. मुंबई-ठाण्याचे, चिकलठाण्याचे वा वाळूजचे काम सुटले म्हणजे तो शेंद्र्यात येतो. त्याच्याबरोबर त्याची छातीही येते.

अशा एखाद्या कामगाराला धाप लागू लागते, एका बाजूस जडपणा जाणवतो, वजन उतरते. क्ष-किरण चित्र काढले जाते आणि छातीत पाणी झाल्याचे आढळते. आपल्याकडे छातीत पाणी झाले म्हणजे क्षय, हे समीकरण डॉक्टरांच्याच नव्हे तर घरातील वडीलधाऱ्यांच्याही मनात पक्के आहे, आणि ते निराधारही नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. तरुण रुग्णाच्या छातीत पाणी झाले असता क्षयाचा तर्क बहुधा बरोबरच ठरतो. पाण्याचा नमुना काढला, त्यात लिंफोसाइट पेशी अधिक दिसल्या, ‘एडीए’ या चाचणीचा आकडा वाढलेला निघाला, की सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होतात. अडचण एवढीच की, हा आकडा मेसोथेलिओमातही कधी कधी वाढलेला असतो. पाणी काढल्यामुळे रुग्णास आठ-पंधरा दिवस बरे वाटते. या आरामाचे श्रेय गोळ्यांना मिळते. पाणी पुन्हा भरते, पुन्हा काढले जाते. गोळ्यांचा यकृतावर परिणाम होऊ लागला तर त्या बदलल्या जातात. सहा महिने संपतात तेव्हा कोणाला तरी शंका येते. या रोगात निदानानंतरचे सरासरी आयुष्य वर्ष-दीड वर्षाच्या आसपास मोजले जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या सहा महिन्यांचे मोल कळते.

हाच घोळ ज्या ठिकाणी प्रथम उलगडला, तेथील हकीकत आजही शिकण्याजोगी आहे. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे क्षयरोग्यांसाठी एक रुग्णालय होते. छातीत पाणी झालेले रुग्ण तेथे येत आणि क्षयाच्या औषधांनी बरे होऊन जात. मात्र शहराच्या पश्चिमेकडील भागातून येणारे काही रुग्ण त्याच औषधांनी बरे होत नाहीत, ही गोष्ट तेथील प्रमुख डॉक्टर स्लेग्ज यांच्या नजरेस आली. पश्चिमेकडे निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. विकृतिशास्त्रज्ञ वॅग्नर यांनी त्यांच्या आवरणाचे तुकडे तपासले, स्लेग्ज आणि मर्चंड यांनी रुग्णांच्या पूर्वायुष्याचा माग काढला, आणि १९६० साली तिघांनी मिळून ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. एकाचा अपवाद सोडता बाकी सर्वांचा त्या खनिजाशी कोठे ना कोठे संबंध आल्याचे दिसत होते. त्यांतील कित्येक जण खाणकामगार नव्हतेच. कोणी खाणीच्या परिसरात लहानपण घालविले होते, तेथील ढिगाऱ्यांवर खेळले होते. येथे कोणतेही नवे यंत्र कामी आले नाही. औषध लागू पडत नाही याची प्रामाणिक दखल, आणि ‘तुम्ही कोठे राहिलात, काय काम केलेत?’ हा साधा प्रश्न, एवढ्यावर वैद्यकशास्त्राचे एक नवे दालन उघडले.

हा प्रश्न आपल्या बाह्यरुग्ण विभागात विचारला जात नाही. केसपेपरवर धर्म लिहिला जातो, पत्ता लिहिला जातो. व्यवसायाच्या रकान्यात ‘मजुरी’ किंवा ‘नोकरी’ असा एक शब्द पडतो. शंभर रुग्ण तपासावयाचे असलेल्या निवासी डॉक्टरास त्याबद्दल दोष देणे सोपे आहे. त्याला तेवढी उसंत नसते, हेही तितकेच खरे. परंतु निदान सुरक्षित करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय हाच आहे, आणि तो डॉक्टरानेच योजला पाहिजे असेही नाही. परिचारिका, समाजसेवा अधीक्षक, फार काय, रांगेत बसलेला रुग्णाचा मुलगाही छापील तक्त्यावर वडिलांच्या नोकऱ्यांची यादी वर्षांसह लिहू शकेल. त्यात पत्नीविषयीचा प्रश्नही असावा. कारण कामावरून आलेले धुळीचे कपडे झटकून धुणाऱ्या स्त्रियांना हा रोग झाल्याची उदाहरणे अनेक देशांत नोंदलेली आहेत.

प्रश्न विचारल्यानंतरचा टप्पा सुईचा. रुग्णाच्या सुरक्षिततेचा विचार येथे दोन अर्थांनी करावा लागतो. पहिला अर्थ सरळ आहे: छातीत सुई वा नळी घालताना इजा होऊ नये. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्ण सुरक्षा संस्थेने २००८ साली जी सूचना काढली, तीत जानेवारी २००५ ते मार्च २००८ या काळात छातीत नळी घालण्याच्या क्रियेशी निगडित १२ मृत्यू आणि गंभीर इजेची १५ प्रकरणे नमूद केली होती. त्यानंतर तेथे पाण्याचा ठाव सोनोग्राफीने घेतल्याशिवाय नळी घालू नये, हा आग्रह वाढला. सोनोग्राफीचे यंत्र आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्मीळ राहिलेले नाही. ते रुग्णाच्या खाटेपर्यंत नेण्याची सवय दुर्मीळ आहे. एकाच वेळी दीड लिटरहून अधिक पाणी घाईने काढले तर दबलेले फुफ्फुस एकदम फुगून त्यालाच सूज येण्याचा धोका असतो, हे पाठ्यपुस्तकातील वाक्यही गर्दीच्या वॉर्डात विसरले जाते.

दुसरा अर्थ अधिक सूक्ष्म आहे. रुग्णास कमीत कमी वेळा टोचून जास्तीत जास्त खात्रीचे उत्तर मिळाले पाहिजे. छातीतील पाण्याच्या पेशी तपासून मेसोथेलिओमाचे खात्रीचे निदान बहुतेक वेळा होत नाही. पाण्यात कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत, याचा अर्थ कर्करोग नाही असा होत नाही. तरीही ‘निगेटिव्ह’ हा शब्द अहवालावर उमटला की सारे निश्चिंत होतात. मग आवरणाचा तुकडा काढणे आले. आपल्याकडे एब्रॅम्सची सुई दीर्घकाळ वापरात आहे. ही सुई आंधळेपणाने तुकडा काढते. क्षय आवरणभर पसरलेला असतो, म्हणून कोठूनही तुकडा आला तरी तो क्षयाची साक्ष देतो, आणि त्यामुळे या सुईची आपल्याकडील प्रतिष्ठा रास्तही होती. कर्करोग मात्र ठिपक्याठिपक्यांनी बसलेला असतो. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत एब्रॅम्सच्या सुईने कर्करोगाच्या शंभर रुग्णांतील ४७ च सापडले, तर सीटी स्कॅनच्या आधाराने नेमका जाड झालेला भाग गाठला असता ८७ सापडले. दुर्बीण छातीत घालून, डोळ्यांनी पाहून मोठे तुकडे घेण्याची थोरॅकोस्कोपी याहूनही भरवशाची मानली जाते, आणि त्याच बैठकीत पाणी पुन्हा साचू नये याची तजवीजही करता येते.

येथे क्रमाला महत्त्व आहे. गावातील दवाखान्यात सर्व पाणी काढून टाकून रुग्णास मोठ्या रुग्णालयात पाठविले तर दुर्बिणीला आत शिरावयास जागाच उरत नाही. फुफ्फुस छातीच्या भिंतीस टेकलेले असते. चांगल्या हेतूने केलेली क्रिया पुढची वाट बंद करते. त्रास कमी होण्यापुरते पाणी काढावे, बाकीचे राहू द्यावे आणि रुग्ण पुढे पाठवावा, एवढी एक ओळ तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत पोचली तरी बरेच साधेल. सुईच्या वाटेने गाठ छातीच्या भिंतीत उतरते या भीतीने पूर्वी टोचलेल्या जागेवर सरसकट किरणोपचार देत असत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ या ब्रिटनमधील चाचणीत २०३ रुग्णांचा अभ्यास झाला आणि असे सरसकट किरण देऊन लाभ होत नाही, असे दिसून आले. रुग्णाच्या पाठीवरचे एक ओझे त्यामुळे कमी झाले. सुरक्षितता म्हणजे नेहमी काहीतरी अधिक करणे नव्हे, याचे हे चांगले उदाहरण होय.

तुकडा हाती आला तरी काम संपत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मेसोथेलिओमा दोन गोष्टींसारखा दिसतो. एक म्हणजे जुनाट सुजेने चिडलेले, पण निरुपद्रवी आवरण; दुसरी म्हणजे फुफ्फुसाचा ॲडिनोकार्सिनोमा हा कर्करोग, जो आवरणावर पसरलेला असतो. पहिल्याशी गल्लत झाली तर निरोगी माणसाला मृत्युपत्र करावयास सांगितले जाते किंवा रुग्णाला ‘काही नाही’ म्हणून घरी पाठविले जाते. दुसऱ्याशी गल्लत झाली तर होणारे नुकसान आजच्या काळात पूर्वीपेक्षा मोठे आहे. ॲडिनोकार्सिनोमाच्या कित्येक भारतीय रुग्णांत ‘ईजीएफआर’ या जनुकात बदल आढळतो, आणि त्यावर गोळ्यांच्या रूपाने घेता येणारी औषधे उपलब्ध आहेत. त्यांना चुकून मेसोथेलिओमाचे नाव दिले तर ही औषधे त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे चूक दोन्ही दिशांनी घातक आहे. ‘ॲस्बेस्टॉसचे काम केले होते ना, मग हाच रोग’ असा उलटा उतावीळपणाही टाळावयास हवा. क्षयाच्या तर्काइतकाच तोही तर्कच ठरेल.

ही गल्लत टाळण्यासाठी तुकड्यांवर विशिष्ट रंजके वापरून प्रथिनांची तपासणी करतात. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ यांसारखी काही रंजके मेसोथेलिओमाच्या बाजूने साक्ष देतात, टीटीएफ-१, सीईए यांसारखी काही विरुद्ध बाजूने. एकाच साक्षीवर निकाल देऊ नये, दोन्ही बाजूंच्या किमान दोन-दोन तपासाव्यात, असा संकेत आहे. बॅप-१ हे प्रथिन नाहीसे झाले असेल तर सूज आणि कर्करोग यांतील फरक करण्यास मदत होते. फ्रान्सने १९९८ पासून या रोगाच्या देखरेखीचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला असून संशयित तुकडे तज्ज्ञांच्या मंडळाकडून पुन्हा पाहिले जातात. अशा फेरतपासणीत मूळ निदान बदलल्याची प्रकरणे थोडी नाहीत. वर्षाकाठी असा एखाद-दुसरा तुकडा पाहणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञाने एकट्याने निकाल द्यावा, अशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे. छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, त्यास राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ पासून राष्ट्रीय कर्करोग जाळेही उभे राहिले आहे. काचपट्टी मुंबईस पाठविण्याची किंवा तिचे चित्र संगणकावरून दाखविण्याची सोय ही आता तंत्राची अडचण उरलेली नाही. ती रोजच्या कामात बसवावयाची आहे.

मग ती बसत का नाही? याचे उत्तर वैद्यकशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. क्षयाचा तर्क करणे जवळजवळ फुकट आहे. औषधे सरकार विनामूल्य देते. खाजगी डॉक्टराने क्षयरुग्णाची नोंद कळविली तर त्यास ५०० रुपये आणि उपचाराचा शेवट कळविला तर आणखी ५०० रुपये देण्याची योजना आहे. रुग्णास पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ही व्यवस्था उत्तम आहे. तिच्यात उणे काढण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहावे. सीटी स्कॅन, थोरॅकोस्कोपी, रंजकांची तपासणी यांचा खर्च रुग्णाच्या खिशातून सुरू होतो. शासनाच्या आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांभोवती रचलेल्या आहेत. रोगाचे नाव कळेपर्यंतच्या भटकंतीचा भार बव्हंशी कुटुंबावर पडतो. रोजंदारी बुडते ती वेगळीच. आणि व्यवसायजन्य रोगाची सूचना देणाऱ्या डॉक्टरास काय मिळते? १९४८ च्या कारखाना कायद्यात ॲस्बेस्टोसिस आणि व्यवसायजन्य कर्करोग यांची सूचना देणे बंधनकारक होते, आणि न देणाऱ्या डॉक्टरास १००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. म्हणजे एका निदानास बक्षीस, तर दुसऱ्या निदानाबरोबर कारखाना निरीक्षक, वकील आणि साक्षीचे समन्स. स्वस्त वाट धोक्याची आणि सुरक्षित वाट महाग, अशी रचना असेल तर माणसे स्वस्त वाटेनेच जाणार. त्यासाठी त्यांना अज्ञानी वा अप्रामाणिक ठरविण्याची गरज नाही.

या रचनेतील सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी की, चुकीच्या निदानाची किंमत ज्याने निदान केले तो मोजत नाही, ज्याच्या कारखान्यात तंतू उडाले तोही मोजत नाही. ती एकटा रुग्ण मोजतो. मेसोथेलिओमा हा शब्द कागदावर आला तर तो व्यवसायजन्य रोग ठरतो. कर्मचारी नुकसानभरपाई आणि कामगार विमा या दोन्ही कायद्यांच्या परिशिष्टांत ॲस्बेस्टॉसमुळे होणारे फुफ्फुसाचे कर्करोग आणि मेसोथेलिओमा यांचा समावेश आहे. कामगार विम्याखाली मृताच्या अवलंबितांना वेतनाच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने निर्वाहवेतन मिळण्याची सोय आहे. कागदावर ‘क्षय’ किंवा नुसता ‘फुफ्फुसाचा विकार’ असे आले तर यातले काहीच मिळत नाही. रोग असाध्यच आहे, मग नावाचा एवढा आग्रह कशाला, असे काही डॉक्टर सहानुभूतीनेच विचारतात. त्यांना विधवेच्या हातातील मृत्यूच्या दाखल्याकडे बोट दाखवावे लागेल. शिवाय असाध्यतेची भाषाही आता पूर्वीइतकी सरळ राहिलेली नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत प्रतिकारशक्ती चेतविणाऱ्या दोन औषधांच्या जोडीने सरासरी आयुष्य १४ महिन्यांवरून १८ महिन्यांवर नेले. ही औषधे अफाट महाग आहेत, हे खरे. पण चार महिने म्हणजे काय, याचा हिशेब ज्याचा त्यानेच करावयाचा असतो.

महाराष्ट्रास या प्रश्नाचा अनुभव नाही असे नव्हे. मोटारींचे ब्रेक लायनर आज शेंद्र्याच्या परिसरातील कारखान्यांत सुट्या भागांच्या खोक्यांतून येतात. एके काळी ते ॲस्बेस्टॉसचे असत आणि मुंबईत घाटकोपर येथे ब्रिटनच्या टर्नर अँड न्यूअल या कंपनीशी संबंधित हिंदुस्थान फेरोडोच्या कारखान्यात तयार होत. २००५ साली डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांची तपासणी करून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या १८१ कामगारांपैकी पाचांत एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टोसिस असल्याचे त्यांना आढळले. देशात ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्या कामगारांची संख्या लाखाच्या घरात असावी आणि भरपाई मिळालेले तीसच्याही आत, असे त्यांनी नमूद केले होते. कामगारांना त्यांचे वैद्यकीय कागद मिळत नाहीत आणि डॉक्टरांना हा रोग ओळखण्याचे शिक्षण नाही, ही कारणे त्यांनी दिली. ब्रिटनमध्ये मेसोथेलिओमाने वर्षाला दोन हजारांवर माणसे मरतात. भारताने त्या देशाच्या मागोमाग ॲस्बेस्टॉसचा वापर वाढविला आणि ब्रिटनने १९९९ साली बंदी घातल्यानंतरही तो चालू ठेवला. आजही दरवर्षी तीन लाख टनांहून अधिक माल प्रामुख्याने रशिया, कझाकस्तान, ब्राझील येथून येतो. असे असता आपल्या नोंदींत या रोगाचे रुग्ण तुरळक दिसावेत, याचा अर्थ आपली फुफ्फुसे निराळ्या मातीची आहेत असा करावयाचा काय? मुंबईत १९६३ पासून देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी चालू आहे, औरंगाबादेतही अशी नोंदणी झाली. पण नोंदणी ही रुग्णालयाच्या अहवालांची बेरीज असते. अहवालात जे लिहिलेच गेले नाही ते बेरजेत उतरत नाही. आणि बेरीज लहान आली, की तिचाच आधार घेऊन धोका लहान असल्याचे सांगितले जाते.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर दिलेला निकाल या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. ॲस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराची आरोग्यविषयक नोंद कामास लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जतन करावी, असा आदेश त्यात आहे. रोगाचा सुप्तकाल ओळखून दिलेला हा आदेश दूरदृष्टीचा होता. २०११ साली बंदीची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही, परंतु या आदेशांचे पालन व्हावे, हे पुन्हा बजावले. अडचण अशी की, हा आदेश ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांपुरता आहे. बॉयलर दुरुस्त करणारा कंत्राटी कामगार कोणत्याच ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. त्याचा ठेकेदार तीन वर्षे टिकतो. नोंद चाळीस वर्षे कोणी टिकवावी?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या आहेत. व्यवसायसुरक्षेच्या संहितेच्या परिशिष्टातही सूचना देण्याजोग्या रोगांची यादी आहे, आणि चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी व्हावी, असे शासनाने जाहीर केले आहे. दरवर्षी क्ष-किरण चित्र काढल्याने मेसोथेलिओमा लवकर सापडेल, अशी खात्री कोणी देत नाही. उगाच काढलेली चित्रे आणि त्यातून निघणाऱ्या शंका यांचा उपद्रवच व्हावयाचा. परंतु याच तपासणीच्या वेळी कामगाराच्या आजवरच्या नोकऱ्यांचा तक्ता भरून घेतला आणि त्याची एक प्रत त्याच्याच हाती दिली, तर पंचवीस वर्षांनी घाटीच्या वॉर्डात छातीतील पाण्याचे कारण शोधणाऱ्या डॉक्टरास किंबर्लीच्या स्लेग्जप्रमाणे माग काढीत बसावे लागणार नाही. शेंद्र्यासारख्या नव्या वसाहतीत ही सुरुवात करणे जुन्या वसाहतींपेक्षा सोपे आहे, कारण येथील कारखान्यांच्या मालकांस गतकाळातील तंतूंबद्दल दोषी धरले जाण्याची भीती नाही. तक्ता भरून घेतल्याने त्यांचे काहीच बिघडत नाही. त्याचबरोबर, छातीतील पाणी दोन वेळा भरले किंवा औषधे सुरू होऊन दोन महिन्यांत कमी झाले नाही, आणि रुग्ण पन्नाशीपुढचा असला, तर पुढील तपासणीचा सर्व खर्च शासकीय कर्करोग रुग्णालयात योजनेखाली उचलला जावा. असे रुग्ण हजारोंनी असणार नाहीत, तेव्हा खर्चाचा आकडा अर्थखात्याने बिचकावे असा खासच नाही.

राहता राहिला प्रश्न कंत्राटी कामगाराच्या नोंदीचा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने ती मुख्य मालकाच्या नावावर ठेवण्याचा आग्रह धरावयास हवा, आणि मालक बदलला वा कारखाना बंद पडला तर दफ्तर संचालनालयाकडे जमा व्हावे. २००१ साली वयाच्या विसाव्या वर्षी शेंद्र्यात लागलेल्या कामगाराची चाळीस वर्षे २०४१ साली पुरी होतील. तेव्हा तो साठ वर्षांचा असेल. या रोगाचे रुग्ण नेमके याच वयाच्या आसपास रुग्णालयात येऊ लागतात, आणि त्याच्या पहिल्या ठेकेदाराचा पत्ता आजच कोणास ठाऊक नाही.